यातली तुमची मुलगी कोणती?

हा प्रश्न मला वर्षातून एकदा तरी विचारला जातोच. विचारणारी बाई साधारण माझ्याच वयाची असते. हातात पाण्याची बाटली, मांडीवर मुलीची बॅग. कोर्टवर दहा मुली धावत असतात, त्यातल्या पाच आमच्या. ती हसून विचारते, "तुमची कोणती?"

"एकही नाही," मी म्हणते.

मग ती मावशी, आत्या, शेजारीण असं काहीतरी नातं शोधून बघते. मी सांगते की नातं काही नाही, मी नुसतीच मॅच बघायला येते. यावर ती बाई मांडीवरची बॅग जरा घट्ट धरते.

मी सिंगापूरच्या एका विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची चाहती आहे, गेली पंचवीस वर्षं. मुलांच्या टीमला थोडेफार प्रेक्षक असतात. मुलींच्या टीमला आई-बाबा असतात, आणि मी असते.

मला स्वतःला बास्केटबॉल खेळता येत नाही. माझी उंची पाच फूट, डॉक्टरांकडे मोजली तर त्याहून किंचित कमी. साताऱ्याला शाळेत मी खो-खोच्या संघात होते, पण राखीव. तीन वर्षं राखीव. राखीव मुलीला मैदानात काम नसतं, म्हणून मी बाहेर बसून ओरडायचे. ते मला फार छान जमायचं. आमचे खेळाचे सर म्हणायचे, "हिला न्यायलाच पाहिजे. हिच्या आवाजाने समोरच्या पोरी दचकतात." एवढंच माझं क्रीडाक्षेत्रातलं कर्तृत्व.

फायनान्सच्या मास्टर्ससाठी मी इथे आले तेव्हा बावीस वर्षांची होते. विद्यापीठाजवळ बुओना व्हिस्टाच्या बाजूला आज जी काचेची ऑफिसं उभी आहेत ती तेव्हा नव्हती. आमच्या हॉस्टेलमध्ये मजल्यावर एक सामायिक पँट्री होती, आणि मी तिथे रोज काहीतरी फोडणीला टाकून सगळ्या मजल्याला खोकायला लावायचे. पहिले दोन महिने माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही. मीही बोलले नाही. माझं इंग्रजी पुस्तकातलं, त्यांचं निराळंच, दर वाक्याच्या शेवटी 'ला' लावलेलं.

एका संध्याकाळी मी पोहे करत होते आणि शेजारच्या खोलीतली मुलगी आत आली. ही इथलीच, चिनी घरातली, आणि इतकी उंच की पँट्रीच्या दारातून येताना तिला मान खाली घालावी लागायची. तिने कढईत डोकावून बघितलं, विचारलं, "हे काय?" आणि उत्तराची वाट न बघता चमचा घेतला. अर्धे पोहे संपल्यावर ती म्हणाली, "उद्या संध्याकाळी आमची मॅच आहे. तू ये ला. कोणीच येत नाही बघायला."

"मला त्यातलं काही कळत नाही," मी म्हटलं.

"आम्हालाही फारसं कळत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर हरतो."

दुसऱ्या दिवशी मी गेले. स्पोर्ट्स हॉलमध्ये आमच्या बाजूला चार प्रेक्षक होते आणि त्यातला एक बॅडमिंटनचं कोर्ट रिकामं व्हायची वाट बघत होता. मॅच सुरू झाली. पहिली पाच मिनिटं मी शहाण्यासारखी बसले. मग माझ्या हॉस्टेलमधल्या शेजारणीच्या हातातून कोणीतरी बॉल काढून घेतला, ती बघत उभी राहिली, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अगं पळ! उभी काय राहिलीस? पळ!"

हॉल रिकामा असल्यामुळे ते चारही भिंतींवर आपटून परत आलं. आणि ती खरंच पळाली! शब्द कळला नसेल, पण स्वर कळला. मग मला कोण आवरणार? "दे, दे, दे! वर बघ की! हाण!" दोन महिन्यांत मी इतकं मराठी बोलले नव्हते. दुसऱ्या टीमच्या कोचने रेफरीकडे तक्रार केली. रेफरी माझ्याजवळ आला आणि फार सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, प्रेक्षकांमधून डावपेच सांगायला परवानगी नाही."

"मी डावपेच सांगत नाहीये," मी म्हटलं. "मी पळायला सांगतेय."

त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "ते चालेल."

आम्ही तीसेक गुणांनी हरलो. पण खोलीवर परत येताना माझा घसा बसला होता, आणि तीन-चार घामेजलेल्या मुली माझ्याकडून 'हाण' म्हणायला शिकत होत्या. घर सोडल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मला भूक लागली.

मास्टर्स संपलं, शेजारीण पदवी घेऊन गेली, लग्न होऊन ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली. मला इथेच बँकेत नोकरी लागली. खरं तर तिथेच हे प्रकरण संपायला हवं होतं. पण पुढच्या हंगामाचं वेळापत्रक लागलं तसे माझे पाय आपोआप हॉलकडे वळले. नव्या मुली होत्या. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. तीन मॅचेसनंतर माहीत झालं.

लग्नानंतर आम्ही सेरंगूनला राहायला आलो. नवरा जुरोंग आयलंडवर इंजिनिअर. त्याच्या कंपनीची बस सकाळी अंधारात निघते आणि संध्याकाळी त्याला आणून सोडते तेव्हा तो बसमध्येच अर्धा झोपलेला असतो. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी त्याला हौसेने मॅचला नेलं. त्याने दुसऱ्या क्वार्टरपर्यंत तग धरला. मग म्हणाला, "एक विचारू का? दोन्ही टीमना एकेक बॉल दिला तर?"

तेव्हापासून मी एकटीच जाते. आई फोनवर विचारायची, "मग त्या दिवशी जावईबापू जेवतात काय?" मी सांगायचे की जावईबापू खाली खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरवर जाऊन चिकन राइस खातात आणि मॅच असली की त्यांना आनंदच होतो. आईला ते खोटं वाटायचं. ते खरं होतं.

मुलगी झाली त्या वर्षी मी तीन मॅचेस चुकवल्या. साथीच्या काळात मॅचेसच नव्हत्या, आणि नंतर सुरू झाल्या तेव्हा प्रेक्षकांना आत सोडत नव्हते. एवढे खंड सोडले तर माझी हजेरी चांगली आहे. टीमची कामगिरी मात्र फारशी चांगली नाही. आम्ही साधारण पाच मॅच खेळतो, त्यातली एक जिंकतो, आणि ती कोणती हे आधी सांगता येत नाही. दर चार वर्षांनी सगळ्या मुली बदलतात. कोच पाच वेळा बदलले. जर्सीचा रंगसुद्धा मध्ये एकदा बदलला, त्याचं मला काही दिवस फार वाईट वाटलं. मग मी नक्की कोणाची चाहती आहे, असं माझी मुलगी विचारते. ती इंग्रजीतच विचारते आणि उत्तराची वाट न बघता म्हणते, "सो वेअर्ड ला, आई." मुली हॉलमध्ये येतात, बुटांच्या लेस बांधतात, आणि मला त्यांनी जिंकावं असं वाटायला लागतं. त्याच्यापुढे माझी अक्कल चालत नाही.

गेल्या वर्षी मात्र एक वेगळीच गोष्ट घडली.

हंगामाच्या पहिल्याच मॅचला कोचबाई माझ्याकडे धावत आल्या. स्कोअर लिहिणारी विद्यार्थिनी आजारी होती. "आंटी, तुम्ही बँकेत आहात ना? टेबलावर बसाल का? दुसरं कोणीच नाही."

कोर्टच्या कडेला मधोमध एक लांब टेबल असतं. तिथे बसून एकजण कागदावर प्रत्येक बास्केट लिहितो, कोणी टाकली, किती गुणांची. शेजारी समोरच्या टीमचं माणूस बसतं आणि लिहिणारा सांगेल तसे बोर्डवरचे आकडे बदलतं. कागद खरा, बोर्ड फक्त लोकांसाठी. मला खूप भारी वाटलं. इतकी वर्षं पायऱ्यांवर बसल्यावर एकदम कोर्टला खेटून खुर्ची!

बसल्यावर रेफरीने नियम सांगितला. टेबलावरच्या माणसाने टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, चेहराही शक्यतो सरळ ठेवायचा.

त्या पहिल्या मॅचला मी पेन इतकं दाबून धरलं की बोटाला वळ उठला. आमची एक मुलगी मोकळी उभी होती आणि कोणी तिला बॉल देत नव्हतं. माझ्या घशापर्यंत 'दे की' आलं, ते मी पाण्याबरोबर गिळलं. मॅच आम्ही जिंकलो. पुढचीही जिंकलो. आजारी विद्यार्थिनी बरी झाली, पण तोवर मुलींनी ठरवून टाकलं होतं की आंटी टेबलावर बसतात म्हणून आपण जिंकतो. घरी नवरा म्हणाला, "बघ, तू गप्प बसलीस की सगळ्यांचंच भलं होतं."

असं करत आम्ही साखळीतल्या शेवटच्या मॅचपर्यंत पोचलो. ही जिंकली की उपांत्य फेरी. माझ्या पंचवीस वर्षांत आम्ही उपांत्य फेरी पाहिली नव्हती. बाकीचे खेळायचे तेव्हासुद्धा मी बघायला गेले नव्हते, जीव तुटायचा म्हणून.

त्या वर्षीची आमची कॅप्टन सगळ्यांत बुटकी होती, माझ्यापेक्षा जेमतेम चार बोटं उंच. शेवटचं वर्ष तिचं. कॉम्प्युटर सायन्स शिकत होती, कमी बोलायची, आणि बॉल हातात आला की तिच्या डोळ्यांत एकदम दिवा लागल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी ती भन्नाट खेळत होती. समोरच्या मुली एकीपेक्षा एक उंच, पण आम्ही त्यांना सोडत नव्हतो. कधी त्या दोनने पुढे, कधी आम्ही.

शेवटच्या क्वार्टरमध्ये, तीनेक मिनिटं उरली असताना, कॅप्टनने लांबून बॉल टाकला. रिंगला न लागता जाळीतून सरळ खाली. हॉलमध्ये आमच्या बाजूला त्या दिवशी निदान तीस माणसं होती, ती सगळी उभी राहिली. फक्त मी बसून होते. रेघेच्या बाहेरून टाकला तर तीन गुण, आतून किंवा रेघेवरून टाकला तर दोन. मी कागदावर तीन लिहिले. शेजारच्या मुलीने विचारलं, "थ्री?" मी म्हटलं, "थ्री." तिने बोर्डवर तीन चढवले. तोवर बॉल पलीकडे गेलासुद्धा होता.

बावीस सेकंद उरले तेव्हा बोर्डवर बावन्न-बावन्न होतं, बॉल आमचा होता आणि कोचबाईंनी टाइमआउट घेतला. एक मिनिटाची विश्रांती. मुली गोल करून उभ्या राहिल्या. कॅप्टनने पाण्याची बाटली तोंडाला लावली, वर बोर्डकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी हळूच हसले. तिने झटकन मान फिरवली.

ही का हसली नाही, एवढाच विचार माझ्या मनात आला. मी खाली कागदाकडे बघितलं. तिच्या नंबराभोवती तीन गुणांचं वर्तुळ होतं, मीच काढलेलं. आणि मग मला ते सगळं पुन्हा दिसलं: बॉल जाळीतून खाली येतोय, आणि रेफरी दोन बोटं वर करून रेघेकडे खूण करतोय. दोन बोटं. मला ती तेव्हाही दिसली होती. डोळ्यांनी दोन बघितले आणि हाताने तीन लिहिले.

मी शेजारच्या मुलीला विचारलं, "मघाचा तो शॉट, तो दोनचा होता का?"

"तुम्ही तीन म्हणालात," ती म्हणाली. "मी फोन... म्हणजे, मी बघितलं नाही."

म्हणजे कोणीच बघितलं नव्हतं. रेफरी दोन दाखवून पळाला होता, समोरचा कोच आपल्या मुलींवर ओरडत होता. टाइमआउटचे अजून चाळीस सेकंद उरले होते. मी फार थोर विचार केले असं नाही. मी काय केलं, तर ज्या कागदाला घडीच नव्हती त्याची घडी नीट केली. गप्प बसले तर कोणाला कळणार नव्हतं, आणि या मुली उपांत्य फेरीत जाऊ शकत होत्या. पण त्या जिंकल्या आणि मीच एक गुण घातलेला आहे हे मला माहीत आहे, तर मग मी टाळ्या कशाला वाजवायच्या? एवढं एकच मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. मी टेबलावरचा बझर दाबला.

रेफरी आला. "सर, चूक झाली," मी म्हटलं. "दोनचे मी तीन लिहिले. आमच्या बाजूने."

त्याने कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला खात्री आहे?"

"तुम्हीच दोन बोटं दाखवली होती."

त्याने डोळे मिटून आठवल्यासारखं केलं आणि मान हलवली. "हो. दाखवली होती." बोर्डवर आमचा बावन्नचा एक्कावन्न झाला. हॉलमध्ये एक मोठा आवाज उठला, त्यातला बराचसा माझ्याच माणसांचा. कोचबाईंनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

खेळ सुरू झाला. कॅप्टनने बॉल घेतला, दोघींच्या मधून वाकून गेली, आणि दोन सेकंद असताना टाकला. बॉल रिंगवर गोल फिरला. एकदा, दुसऱ्यांदा. आणि बाहेर पडला.

एका गुणाने हरलो.

मी कागदावर सही केली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि मुलींच्या बाजूला न जाता मागच्या दाराने बाहेर पडले. रस्त्यापलीकडे हॉकर सेंटर आहे. तिथे एक 'ते ओ', म्हणजे बिनदुधाचा चहा, घेतला आणि बसले. प्यायला सुचेना. दहा-पंधरा मिनिटांनी समोरची खुर्ची सरकली. कॅप्टन. केस ओले, बॅग खांद्यावर.

"आंटी, मी तुमच्यावर चिडले होते," ती म्हणाली.

"चिडायलाच हवं," मी म्हटलं.

"दहा मिनिटं चिडले होते. आता नाही." ती टेबलाकडे बघत होती. "माझा पाय रेघेवर होता. मला तेव्हाच कळलं. बोर्डवर तीन चढलेलेही मी बघितले. मी काही बोलले नाही."

एकवीस वर्षांची पोर, एवढी लहानशी.

"हे बघ," मी म्हटलं, "तू खेळत होतीस. बॉल बघायचा की बोर्ड? बोर्ड माझं काम होतं. ते मी चुकवलं, मीच दुरुस्त केलं. तुझ्याकडे त्यातलं काही येत नाही."

"थोडं येतं," ती म्हणाली.

"बरं, थोडं येतं," मी म्हटलं. "चहा घेशील?"

तिने चहा घेतला, मग नूडल्सही घेतले. मग बाकीच्या मुली शोधत शोधत आल्या आणि आमचं टेबल भरून गेलं. कोणी रागावलं नाही असं नाही. एक उंच मुलगी माझ्याशी त्या संध्याकाळी बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. पण बाकीच्यांनी ठराव केला, कॅप्टनने तो सांगितला, "आंटी, पुढच्या वर्षी तुम्ही टेबलावर बसायचं नाही. तुम्हाला लिहिता येत नाही. तुम्हाला ओरडता येतं."

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पंचवीस वर्षं ओरडून तुला त्यांना जिंकवता आलं नाही, आणि हरवायला एक बझर पुरला." मग त्याने मला जवळ घेतलं, आणि मी अर्धा तास रडले. सत्तेचाळीसाव्या वर्षी, बास्केटबॉलसाठी!

या वर्षीचा हंगाम सुरू झाला. मी पायऱ्यांवर माझ्या जागी जाऊन बसले. पहिल्या मॅचला शेजारी कोणीतरी येऊन धपकन बसलं. ती कॅप्टन होती, आता माजी. विद्यापीठाजवळच वन-नॉर्थला, त्या काचेच्या ऑफिसांत, एका कंपनीत नोकरी लागलेली, गळ्यात ऑफिसचा पास तसाच.

पहिल्या क्वार्टरला ती गप्प होती. दुसऱ्यात तिने माझा दंड धरला. तिसऱ्यात ती उभी राहून असं काही ओरडली की पुढचे काका वळून बघायला लागले.

"आंटी, हे फार वाईट आहे," ती खाली बसत म्हणाली. "खेळणं सोपं होतं. इथे बसून काहीच करता येत नाही."

"सवय होते," मी म्हटलं.

"किती दिवसांत?"

"मला अजून झालेली नाही."

आम्ही चार गुणांनी जिंकलो. बाहेर बस स्टॉपवर उभं राहून तिने फोनवर पुढचं वेळापत्रक काढलं आणि तिचा चेहरा पडला. "गुरुवारी, साडेपाच वाजता. मी तर ऑफिसात असणार. तुम्ही काय करता? बॉसला काय सांगता?"

"डेंटिस्ट," मी म्हटलं.

तिने फोन खाली केला. "पंचवीस वर्षं?"

"माझ्या दातांची ऑफिसात सगळ्यांना फार काळजी आहे," मी म्हटलं, आणि तेवढ्यात बस आली.